बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिलं कॅरेक्टर बनवून राहिलात? आधी वही घ्या, मग माऊस

मे महिन्यात माझी भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली होती, नागपूरला मानेवाड्यात. बाहेर पंचेचाळीस डिग्री, दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, कूलर फुल स्पीडवर, आणि पोट्टी माझ्या पीसीसमोर. सेकंड इयरला आहे, याआधी मोबाईलवरचे शूटिंगवाले गेम खेळलेली, पण असा मोठा रोल प्लेइंग गेम पहिल्यांदाच. तिला बाल्डर्स गेट ३ लावून दिला आणि मी जेवायला गेलो. दीड तासाने आलो तरी ती कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरच. अकरा वंश, बारा क्लास, केसांचे एवढे प्रकार, हे घेतलं की ते सुटते. म्हणे, "मामा, यातलं बेस्ट काय आहे ते सांगा ना, मी तेच घेते."

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. बेस्ट बिल्ड, म्हणजे वंश, क्लास आणि आकड्यांची सगळ्यात भारी जुळवणी, शोधत बसू नका. हा गेम लॅरियन स्टुडिओजने बनवलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो, म्हणजे मुळात चार लोकं टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकमेकांना गोष्ट सांगत खेळायचा जो खेळ आहे त्याचं हे रूप आहे. तुमचं कॅरेक्टर म्हणजे त्या गोष्टीतला माणूस. माणूस ठरला की वंश, क्लास, आकडे, चेहरा हे सगळं आपोआप ठरत जातं, आणि आकड्यांपासून सुरुवात केली की दहा तासांनी कंटाळा येतो कारण ज्याच्यासाठी हे सगळं करून राहिलो तो आहे कोण हेच माहीत नसतं.

सुरू करण्याआधीची तयारी पटकन सांगतो. दीडशे जीबी जागा लागते आणि ती एसएसडीवरच ठेवा. कमीत कमी ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी असेल तर चांगलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॅबिनेट कूलरच्या अगदी तोंडासमोर ठेवू नका, ती हवा ओली असते, जरा बाजूला ठेवा आणि मागून गरम हवा निघायला जागा द्या. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यात नग्नता आहे, ती सेटिंगमध्ये बंद करता येते, हॉलमधल्या टीव्हीवर लावणार असाल तर आधी ते करा. डिफिकल्टी पहिल्या वेळी एक्सप्लोरर (सोपी) किंवा बॅलन्स्ड (मधली). ऑनर मोडकडे आत्ता बघायचंसुद्धा नाही, त्यात एकच सेव्ह असतो.

भाषेचं पण सांगतो, कारण बरेच जण इथेच थांबतात. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही, इंग्रजी ऐकायचं आणि वाचायचं. सबटायटल चालू ठेवा, आणि संवादाचे पर्याय समोर असताना गेम तुमच्यासाठी थांबून राहतो, घाई अजिबात नसते. आम्ही तर प्रत्येक पर्याय मोठ्याने मराठीत म्हणायचो. भाची वाचायची, मी नागपुरी करून सांगायचो. एक गोब्लिन, म्हणजे गेममधला बुटका राक्षस, "काहून बे, इकडं कुठं?" असं म्हणाला की तो एकदम शेजारच्या गल्लीतला वाटायला लागते, आणि मग त्याला काय उत्तर द्यायचं हेही पटकन सुचतं.

आता वही. हो, खरंच कागदाची वही घ्या, एक पान पुरते. तीन गोष्टी लिहायच्या. हा माणूस काल काय करत होता, म्हणजे पोट कशावर चालायचं. याचं काय बिघडलं. आणि याची खोड काय, जी याला अडचणीत आणते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नवीन लोकं तीच सोडतात, सगळ्यांना शूर, हुशार, दिसायला भारी असंच कॅरेक्टर पाहिजे असते. अशा माणसाच्या गोष्टीत घडणार काय?

भाचीला मी विचारलं की तू लहानपणी काय पाहिलंस जे अजून डोक्यात आहे. तर तिचे आजोबा भंडाऱ्याकडचे, तिकडे तिने खडी गंमत पाहिली होती, उभ्या उभ्या चालणारा तो तमाशा, शाहीर, नाच्या, डफ, आणि मधातच समोरच्याला विचारलेले टोकदार सवाल. झालं, तिथूनच निघालं. वहीत तिने लिहिलं, "रंगी. गंमतीच्या फडात गाणारी. भर गावात मालगुजाराला वाकडा सवाल विचारला म्हणून फड मोडला. खोड : कोणी माज दाखवला की तोंड बंद राहत नाही." चार ओळी. यानंतर पूर्ण कॅरेक्टर बनवायला आम्हाला वीस मिनिटं लागली फक्त.

आता स्क्रीनवर या. पहिलाच प्रश्न येतो ओरिजिन की कस्टम. ओरिजिन म्हणजे गेमने आधीच लिहिलेली माणसं, अ‍ॅस्टेरियन, शॅडोहार्ट, गेल, लेझेल, विल, कार्लॅक, यांच्यापैकी एकाच्या अंगात शिरून खेळायचं. पहिल्या वेळी हे करू नका, कारण हीच सगळी मंडळी पुढे तुम्हाला सोबती म्हणून भेटतात आणि त्यांना बाहेरून हळूहळू ओळखण्यात जी मजा आहे ती जाते. सातवा पर्याय आहे डार्क अर्ज, त्यात रूप आणि क्लास तुमच्या मनाचं ठेवता येते, पण त्याची गोष्ट फार रक्ताळलेली आहे आणि ती गेम एकदा माहीत झाल्यावर जास्त भिडते. म्हणून कस्टम.

वंश निवडताना आकड्यांचा विचार करू नका, कारण या गेममध्ये गुणांचे +२ आणि +१ कोणत्याही वंशाला कुठेही लावता येतात. विचार याचा करा की लोकं तुमच्याशी कसं वागतील. ड्राऊ (जमिनीखालचे काळे एल्फ) घेतला तर गोब्लिन तुमच्याशी वेगळं बोलतात, टीफ्लिंग (शिंगं-शेपटीवाले) घेतला तर सुरुवातीलाच जे निर्वासित टीफ्लिंग भेटतात ते तुम्हाला आपलं समजतात, गिथयांकी (लेझेलचाच वंश) घेतला तर लेझेलसोबतचं बोलणंच बदलते. रंगी हाफलिंग झाली. बुटकी, गर्दीत कोणाला न दिसणारी पण आवाज मोठा, हे भाचीला पटलं. आणि हाफलिंगला एक फार गोड गोष्ट मिळते, फाशावर १ पडला तर तो आपोआप परत टाकला जातो. त्याच्या बदल्यात चाल कमी, बाकीचे बहुतेक एका डावात ९ मीटर जातात तर हाफलिंग साडेसात, आणि अंधारात दिसत नाही.

क्लास म्हणजे पोटापाण्याचं कौशल्य. अगदी सोपं पाहिजे असेल तर फायटर किंवा बार्बेरियन, बटणं कमी, जाऊन मारायचं. विझर्ड आणि ड्रुइडमध्ये वाचायला फार आहे, पहिल्या वेळी दमायला होते. पण तुम्हाला गोष्टीत जास्त घुसायचं असेल तर माझं ठाम मत आहे की ज्याला करिश्मा, म्हणजे समोरच्यावर छाप पाडायचा गुण, लागतो असा क्लास घ्या, म्हणजे बार्ड (गाऊन-वाजवून जादू करणारा), पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), सॉर्सरर किंवा वॉरलॉक (हे दोन्ही जादूवाले), कारण बोलण्याची बहुतेक कामं करिश्म्यावर चालतात. पॅलाडिनचं तर अजून एक आहे, त्याने एक शपथ घेतलेली असते आणि तुम्ही तिच्याविरुद्ध वागलात तर शपथ खरोखर तुटते, गेम ते लक्षात ठेवतो. क्लेरिकला, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याला, देव निवडावा लागतो आणि पुढे त्यावरून लोकं बोलतात.

रंगी अर्थातच बार्ड. वाद्य निवडताना हाताने वाजवायचा छोटा ड्रम मिळाला, डफ नाही पण जवळचा. आणि बार्डकडे व्हिशस मॉकरी नावाचा एक मंत्र आहे, त्यात तुम्ही शत्रूला टोमणा मारता आणि त्याला त्या टोमण्याने खरोखरची इजा होते, वर त्याचा पुढचा वार चुकायची शक्यता वाढते. खडी गंमतीतला सवाल आणि हा मंत्र एकच आहे हे बघून पोट्टी खुर्चीवरून उठून नाचली. वहीतली ओळ गेममध्ये अशी सापडली की तुमची निवड बरोबर आहे असं समजा.

बॅकग्राउंडला लोकं पटकन क्लिक करून पुढे जातात, तसं करू नका. त्यातून दोन कौशल्यं मिळतात, एंटरटेनरला अ‍ॅक्रोबॅटिक्स आणि परफॉर्मन्स, अर्चिनला हातचलाखी आणि लपणं, सोल्जरला अ‍ॅथलेटिक्स आणि धाक दाखवणं, फोक हीरोला जनावरं हाताळणं आणि जंगलात तगणं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बॅकग्राउंडला शोभेल असं काही केलं की गेम तुम्हाला इन्स्पिरेशन देतो, असे चार साठवता येतात, आणि एखादा फासा वाईट पडला की एक खर्चून परत टाकता येतो. म्हणजे आपल्या माणसासारखं वागण्याचा मोबदला गेम रोख देते.

आता आकडे. सहा गुण, २७ पॉइंट, सगळे ८ वरून सुरू. १३ पर्यंत एकेक पॉइंट लागते, १४ आणि १५ साठी दोन दोन. गेम स्वतः एक वाटप करून देतो, तेही वाईट नसते, पण आम्ही रंगीसाठी केलं ते असं, करिश्मा १५ आणि त्यावर +२ म्हणजे १७, डेक्स्टेरिटी (चपळाई) १५ वर +१ म्हणजे १६, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दम) १४, विस्डम (शहाणपण) १०, ताकद आणि बुद्धी ८-८. नवीन लोकांना ८ लिहायला भीती वाटते, सगळं १२-१३ करून ठेवतात, मग कशातच काही धड होत नाही. दोन जागी कमजोर राहा आणि एका जागी पक्के. १७ विषम आहे ते मुद्दाम, चौथ्या लेव्हलला फीट, म्हणजे एक जादा खासियत, मिळते तेव्हा अ‍ॅक्टर नावाची घेतली की करिश्मा १८ होतो, आणि फडातल्या बाईला ती शोभतेही.

हे आकडे खेळताना काय करतात ते एकदाच समजून घ्या, मग पूर्ण गेम सोपा आहे. १० म्हणजे शून्य, त्यावर दर दोनला +१. म्हणजे १७ चा +३, आणि ८ चा उणे १. ज्या कौशल्यात तुम्ही तरबेज आहात त्यात पहिल्या लेव्हलला अजून +२. समजा कोणाला पटवायचं आहे आणि समोर १५ आकडा आलाय. रंगीचे ३ आणि २ मिळून ५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडलं की झालं, वीसपैकी अकरा वेळा. तेच ८ करिश्मावाला, ज्याने ते कौशल्य घेतलेलंच नाही, त्याला १६ किंवा जास्त पाहिजे, वीसपैकी पाच वेळा. हाच सगळा हिशोब. फासा टाकायच्या आधी खाली मदतीचे मंत्र दिसतात, क्लेरिकच्या गायडन्सने १ ते ४ अजून मिळतात, ते बघितल्याशिवाय फासा टाकू नका. आणि लक्षात ठेवा, जो कॅरेक्टर पुढे होऊन बोलणं सुरू करतो त्याचेच गुण धरले जातात, म्हणून बोलायला आपल्या रंगीलाच पाठवायचं, कुऱ्हाडवाल्याला नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत, इथे नाक लांब कर, हनुवटी बारीक कर असे स्लायडर नाहीत, तयार चेहऱ्यांतून एक घ्यायचा असतो. वय, व्रण, टॅटू, मेकअप, डोळ्यांचे रंग यातून मात्र खूप काही सांगता येते. चेहऱ्यावरची प्रत्येक खूण वहीतल्या कशाशी तरी जोडा. रंगीच्या चेहऱ्यावर पिवळ्या रंगाचा टॅटू आहे, तो पिवळ्या मारबतीवरून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ज्या मारबती निघतात त्यातली पिवळी १८८५ पासून निघते, आणि गावातली इडापिडा तिच्यासोबत जाळून टाकतात. भाचीने ठरवलं की फडात रंगी मारबतीचं सोंग घ्यायची आणि एका रात्रीनंतर तो रंग तिने पुसलाच नाही. हे गेममध्ये कोणीच विचारत नाही. पण प्रत्येक क्लोजअपमध्ये तो पिवळा रंग दिसते आणि आपल्याला आठवते की ही कोण आहे.

यानंतर गेम अजून एक चेहरा बनवायला लावतो, गार्डियनचा, तुमच्या स्वप्नात कोण येतं असा प्रश्न असतो. बरेच जण इथे कंटाळून काहीही घेतात. थांबा जरा. हा चेहरा पुढे गोष्टीत येतो आणि महत्त्वाचं बोलतो. कोणावर तुमचं कॅरेक्टर डोळे मिटून विश्वास ठेवेल तसा चेहरा बनवा. रंगीच्या गार्डियनला आम्ही फडाच्या म्हाताऱ्या शाहिराचं रूप दिलं, पांढरे केस, दमलेले डोळे. यापुढे काही सांगत नाही.

आता खरं खेळणं. इथे माझा एकच हट्ट आहे, फासा वाईट पडला म्हणून जुना सेव्ह लोड करू नका. एफ५ ने सेव्ह आणि एफ८ ने लोड होते, आणि ते एफ८ फार जवळ असते. मरण्यासाठी, लढाई पूर्ण फसली त्यासाठी वापरा, बोलण्यासाठी नको. का ते सांगतो, सुरुवातीच्याच भागातला एक छोटा प्रसंग फुटेल, चालत नसेल तर हा पुढचा परिच्छेद सोडून द्या.

ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या लोकांच्या वस्तीत एका लहान मुलीला चोरीसाठी पकडलेलं असते, समोर साप, आणि मुख्य बाई तिला सोडायला तयार नाही. गोड बोलून पटवता येते. मी भाचीला म्हटलं की इथे नम्र उत्तर घे. ती म्हणे, "मामा, रंगी अशा बाईसमोर गोड बोलीन काय?" आणि तिने तिखट उत्तर घेतलं. फासा गरगर फिरला आणि ४ वर थांबला. साप चावला, पोरगी गेली. खोलीत कूलरचा आवाज तेवढा. भाचीचं बोट एफ८ वर गेलं, मी काही बोललो नाही, आणि तिनेच हात मागे घेतला. मग ती रंगीला घेऊन त्या पोरीच्या आईबापांसमोर गेली आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. रात्री वहीत नवीन ओळ आली, "आता बोलायच्या आधी मोजते." त्यानंतर वीस-पंचवीस तास रंगी प्रत्येक मोठ्या माणसासमोर आधी गप्प राहायची, आणि हे गेमने नाही तर भाचीने ठरवलेलं होतं. फासा चांगला पडला असता तर पोरगी वाचली असती, आम्ही पुढे गेलो असतो आणि रंगी होती तशीच राहिली असती.

उत्तरं निवडताना ज्यापुढे कंसात कौशल्याचं नाव असते ते दरवेळी घ्यायची गरज नाही. नवीन लोकांना वाटते की तेच खरं उत्तर. कधी कधी साधं, विनाफाशाचं उत्तर जास्त खरं असते. जनावरांशी बोलायचा मंत्र बार्डला सुरुवातीलाच घेता येते, तो घ्याच, नाहीतर त्याचं औषध मिळते ते वापरा. मेलेल्या मालकाजवळ बसून राहिलेला एक कुत्रा रस्त्यात लागतो, स्क्रॅच नाव त्याचं. घाई न करता त्याला हात हुंगू द्या.

शेवटी कॅम्पचं, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचं, कारण अर्धी गोष्ट तिथे घडते आणि नवीन लोकं तीच घालवतात. गोष्टीत तुमच्या कॅरेक्टरच्या डोक्यात एक अळी शिरलेली असते, आणि वेळ नाही, असं गेम सुरुवातीला सारखं म्हणते, म्हणून लोकं घाबरून झोपतच नाहीत. तसं घड्याळ काही चालू नसते. एखादी इमारत डोळ्यांसमोर जळून राहिली असेल तर आधी ते काम करा, बाकी वेळी दिवसाआड का होईना लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची झोप, घ्या. बॅलन्स्डवर त्याला ४० कॅम्प सप्लाय लागतात, म्हणून रस्त्यात दिसेल ते खायचं उचलत चला, पाव, सफरचंद, मासे सगळं. झोपायच्या आधी ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह आहे त्याच्याशी बोला, नसेल तरी एक चक्कर मारा. सोबत एका वेळी तिघांनाच नेता येते, मागे राहिलेले बाकी इथेच भेटतात.

आणि काही चुकलं वाटलं तर दुरुस्ती आहे, म्हणून पहिल्या स्क्रीनवर एवढं घाबरू नका. विदर्स नावाचा एक हाडकुळा म्हातारा कॅम्पमध्ये येतो, १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास आणि गुण सगळं नव्याने मांडून देतो, हवं तेवढ्या वेळा. केस, मेकअप, टॅटू बदलायला कॅम्पमध्ये जादूचा आरसा आहे. वंश मात्र बदलत नाही, तेवढा एक नीट ठरवून घ्या. भाची आता तिच्या घरी लॅपटॉपवर पुढचं खेळून राहिली, वही सोबत घेऊन गेली, आणि मधात मधात मला त्या पानाचा फोटो पाठवते. काल आलेल्या फोटोत खोडीच्या ओळीवर काट मारलेली आहे आणि खाली दुसरी लिहिली आहे, पण ती मी इथे सांगत नाही, ती रंगीची आहे.